धाकलीचं नर होणं

आमच्या घरात समुद्र आला तो छोट्या हत्ती टेम्पोतून. पुढे नाना, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरशेजारी, मागे आई आणि मी, आणि आमच्या दोघींच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेली चार फुटी काचेची टाकी. आई नंदुरबारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी हौसेनं वेटिंग हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती आणि पेशंटांच्या पोरांनी काचेवर बोटं उमटवून उमटवून ती दोन वर्षांत बेरंग करून टाकली. साहेबांचा उत्साह त्याआधीच संपला होता. रक्ताचे नमुने तपासता तपासता पाणी बदलायचं, मीठ मोजायचं, हे सगळं आईच्याच अंगावर पडलं होतं. हॉलला रंग द्यायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले, "शैलाताई, तुम्हीच घेऊन जा, तिला तुमचीच सवय आहे." आईनं एका शब्दानंही नाही म्हटलं नाही. मला वाटतं ती त्या वाक्याची कितीतरी दिवस वाट बघत होती.

आई ब्राह्मणपुरीची, नाना रनाळ्याचे. दोन्ही घरं शेतकऱ्यांची, आणि दोन्हीकडे मासा म्हणजे तापीचा, तोही दुसऱ्यांच्या घरी शिजणारा. नानांचं स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला शेतपंपांच्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून त्यांची बोटं चिरलेली असत. टाकीचा लोखंडी स्टँड त्यांनीच वेल्डिंग करून दिला, पंपाचा आवाज जास्त येतोय म्हणून तो खोलून त्यांनीच बसवला, आणि वर आईला ऐकवलंही, "पानी ते पानी शे, त्याले कितलं मोजशी?" आई मोजायचीच. लॅबमध्ये लघवीची घनता बघायचं एक हातात धरायचं यंत्र असतं, दुर्बिणीच्या पिल्लासारखं. त्यातलं जुनं तिनं मागून आणलं होतं. आरओच्या पाण्यात पुडीतलं समुद्री मीठ ढवळायचं, एक थेंब काचेवर टाकायचा, एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं. निळी रेघ बरोबर जागेवर आली की ती म्हणायची, "व्हयना समुद्र." नाना लगेच म्हणायचे, "आनि हाऊ समुद्र मन्हा मीटरवर चाली ऱ्हायना."

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. पंपाची एकसुरी घरघर, टाकीमागच्या गाळणीच्या डब्यात पडणाऱ्या पाण्याची धार, आणि त्यावर आईच्या हातांची थापथाप, कळण्याच्या भाकरीची. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात दार नव्हतं, नुसती चौकट. त्यामुळे शेवभाजीच्या रश्श्याचा वास आणि टाकीचा ओलसर, खारट वास एकमेकांत मिसळून तिसराच एक वास तयार व्हायचा. मी आजवर तो दुसऱ्या कुठल्याही घरात घेतलेला नाही. थंडीत गावाबाहेर मिरच्या वाळत पडायच्या, लांबवर लालच लाल, आणि वारा गावाकडे फिरला की सगळ्या गल्लीला ठसका लागायचा. तेव्हा आई टाकीत हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला ओलं मलमल बांधायची. आम्ही खोकत बसायचो आणि मासे निवांत फिरत असायचे.

टाकीत दगड होते, त्यांच्यावर मऊ प्रवाळ. कडक प्रवाळ घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे आईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मऊ प्रवाळांत काही शर्टाच्या बटणांएवढे होते, काही ओल्या चामड्यासारखे. दिवा लागला की उमलायचे, विझला की मिटायचे. आणि त्या दगडांच्या फटींतून ये-जा करणारी एंजल माशांची एक जोडी. बोटभर लांबीचे, गडद जांभळे-निळे, आणि कुशीवर झेंडूच्या पाकळीचा केशरी. सुरतेहून सकाळच्या गाडीनं प्लास्टिकच्या पिशवीत आले होते. एक जरा मोठा, त्याला मोठाच म्हणायचो. दुसरी धाकली. धाकलीच्या शेपटीचा वरचा कोपरा तुटका होता, प्रवासात कशाला तरी घासला असावा. तो कधी भरला नाही, त्यामुळे दुरूनही ती ओळखू यायची. सुरुवातीला मला कंटाळाच आला. मासे फिरतात, खातात, फिरतात. आई म्हणाली, "तू बघतेस कुठे? तू फक्त समोर बसतेस." मला राग आला आणि त्या रागानंच मी बघायला लागले.

टाकीचा दिवा टायमरवर होता. आईनं टाकीची संध्याकाळ सात वाजता ठरवली होती, कारण तेवढ्यात ती कामावरून येऊन चहा पिऊन मोकळी झालेली असे. दिवा मंद व्हायला लागला की दोघं दगडांतून बाहेर यायची. मोठा धाकलीभोवती चकरा मारायचा, पंख ताठ करून थरथरायचा. मग दोघं हळूहळू वर चढायची, तो तिच्या पोटाला तोंड लावून. पाण्याच्या वरच्या थराशी क्षणभर थांबायची आणि एक झटका, डोळ्याचं पातं लवायच्या आत दोघं परत खाली, दगडांत. वर धुराच्या फुंकरीएवढं काहीतरी पांढुरकं पसरलेलं. "अंडी," आई म्हणाली. दिवसभर धाकलीचं पोट फुगलेलं असायचं आणि त्या झटक्यानंतर सपाट. अंडी पाण्याबरोबर वाहत मागच्या डब्यात जायची, गाळणीत संपायची. रोज. हे मला फार विचित्र वाटलं होतं. रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत शेकडो जीव सुरू होत होते आणि आम्ही शेजारी बसून टीव्ही बघत होतो.

मोठा माझ्या हातून गेला. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. टाकीवर जाळीचं झाकण होतं, खायला घालताना एक बाजू सरकवायची आणि परत लावायची. मी उकडलेल्या पालकाचं पान चिमट्यात अडकवून आत सोडलं, तेवढ्यात दारात मैत्रीण आली, मी तिच्याबरोबर बाहेर गेले आणि झाकण तसंच राहिलं. दिवा मंद झाला, ती दोघं वर चढली असतील. त्या दिवशी आईला लॅबमध्ये उशीर झाला; ती घरी आली तेव्हा धाकली एकटीच काचेजवळ खालीवर करत होती. मोठा स्टँडच्या मागे, भिंतीलगत सापडला. वाळून त्याचा रंग उडाला होता आणि अंगाला केर चिकटला होता.

आईनं झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता थोबाडीत बसेल.

"झाकन उघडं ऱ्हायनं," ती म्हणाली.

"मन्हा हातखाल," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"हाव, तुन्हाच हातखाल. मुद्दाम नही करं तू. पन तुन्हाच हातखाल." तिनं मला जवळ घेतलं नाही आणि रागावलीही नाही. आईची ती पद्धत मला तेव्हा फार कठोर वाटली होती. आता वाटतं, खरं जेवढं होतं तेवढंच तिनं माझ्या ओंजळीत ठेवलं, ना कमी ना जास्त. मला मात्र तो मासा डोळ्यांसमोर नको होता. आई कपडे बदलायला आत गेली तेवढ्यात मी त्याला मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं आणि वर दोन विटा ठेवल्या.

महिनाभर धाकली एकटी होती. मग आईनं सुरतेहून आणखी एक मागवली, मुद्दाम लहान, धाकलीच्या निम्मी. तिला नवी म्हणायचो. मी म्हटलं, दोन माद्या आणून काय उपयोग? तेव्हा आईनं पाटावर बसून मटार सोलता सोलता मला जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. या जातीचे मासे आधी सगळे मादीच असतात. कळपातली सगळ्यात मोठी, सगळ्यांवर सत्ता चालवणारी मादी नर होते. नर मेला की तिच्याखालची. "कुठे वाचलंस?" मी विचारलं. "वाचलंय," आई म्हणाली, "पण पाहिलेलं नाही. आता बघू." जेवताना नानांना सांगितलं. त्यांचा घास हातातच थांबला. "मादीना नर कसा व्हई?" मग थोडा विचार करून म्हणाले, "मोटारनं कनेक्शन बदललं ते ती उलटी फिरस. तसंच काही व्हई." आणि पुढे जेवायला लागले.

आम्ही बघत राहिलो. पहिले काही दिवस धाकलीनं नवीला दगडांत कोंडून ठेवलं, खाऊ दिलं नाही. मग मोकळं सोडलं. हळूहळू धाकलीच्या पाठीवरच्या आणि खालच्या पंखांची टोकं लांबली, त्यांच्या कडांना निळ्या रेघा गडद झाल्या. पोट फुगेनासं झालं. नवीचं पोट मात्र फुगू लागलं. आणि एके दिवशी दिवा मंद होताना तुटक्या शेपटीची धाकली पंख ताठ करून नवीभोवती चकरा मारायला लागली, हुबेहूब मोठ्यासारखी. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला.

मी नववीत होते. विज्ञान शिकवायला भदाणे सर, मूळचे साक्रीकडचे, पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग. प्रजननाचा धडा ते खिडकीकडे बघत, भरभर वाचून संपवत. नर आणि मादी वेगवेगळे असणारे प्राणी, असं काहीतरी वाक्य आलं आणि मी उभी राहिले. "सर, आमच्या घरची मादी नर झाली." सगळा वर्ग हसत सुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या नानांबद्दल काहीतरी बोललं, ते मी इथे लिहिणार नाही. सर लाल झाले.

"खाली बस. विज्ञानाच्या तासाला गप्पा नकोत."

"गप्पा नाहीत सर. मासा आहे. मी पाहिलंय."

"काय पाहिलंस? पंख पाहिलेस. पंख म्हणजे पुरावा का?" ते खडू खाली ठेवत म्हणाले. मग वर्गाला उद्देशून बोलल्यासारखं, "पुरावा आण. आणलास तर मी इथेच, याच फळ्यासमोर, माझी चूक कबूल करीन."

पुढचे चार दिवस मला डबा एकटीनं खावा लागला. मुली माझ्या बाकावर बसायच्या नाहीत, मुलं 'नर-मादी' म्हणून हाका मारायची. पाचव्या दिवशी एक जण येऊन बसली, जमना. धडगावकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, वर्गात फारसं न बोलणारी. घरी ती पावरी बोलायची. शाळेतली मराठी ती एकेक शब्द तपासून टाकायची. तिनं माझ्या डब्यातली बिबडी, ज्वारीचा पापड, मोडून घेतली आणि विचारलं, "मासा खरंच आहे?" मी हो म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली आणि खायला लागली.

पुरावा कसा आणायचा हे आईनं सांगितलं. अंड्यात जीव धरायला नर लागतोच. नवीनं टाकलेली अंडी पुढे वाढली, एकाची दोन, दोनाची चार अशी फुटली, तर धाकली नर आहे. नाही वाढली, तर आपण गप्प बसायचं. "आणि सरांना बोलव," ती म्हणाली. "आपण पाहिलं आणि त्यांना सांगितलं, असं नको."

सर आले. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, खुर्ची दिली तर तिच्या कडेवर बसले, चहा संपवला आणि मग टाकीसमोर मांडी घालून बसले. सात वाजले, दिवा मंद झाला. आईनं पंप बंद केले. घर इतकं शांत कधीच नसायचं. धाकली आणि नवी वर चढली, थांबली, झटका. सरांच्या तोंडून "अरेच्चा" निघून गेलं. आईनं स्टीलच्या वाडग्यानं वरचं पाणी अलगद उचललं, ते झाकणाच्या बाटलीत ओतलं, आणि आम्ही लॅबकडे निघालो. आईच्या मागे स्कूटीवर मी, बाटली पोटाशी धरून, मागून सरांची मोटारसायकल. रिपोर्ट न्यायला आलेली दोन माणसं बाकावर बसली होती; आई त्यांना नमस्कार करून सरळ आत गेली.

मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा फक्त गोल दिसले. काचेच्या मण्यासारखे, आत तेलाचा एक थेंब. आई घड्याळ बघत होती. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग आई मायक्रोस्कोपपासून बाजूला झाली आणि तिनं सरांना जागा दिली. सर वाकले. चष्मा काढला, परत लावला, परत काढला. "दोन," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "ताई, दोनना चार व्हयनात." त्या दिवसापर्यंत मी सरांना अहिराणी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मी नाचायच्या बेतात होते. पण सर सरळ झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता धाकली नर आहे, हे मान्य. पण ती आधी मादी होती कशावरून? समज, ती पहिल्यापासून नरच असेल आणि तुमचा मोठा मादी असेल, तर?"

"तिचं पोट फुगायचं सर. रोज. अंडी टाकली की सपाट."

"तू पाहिलंस. ते खोटं म्हणत नाही मी. पण मोठ्याच्या पोटात काय होतं ते कुणी पाहिलं? तो मासा ठेवलाय का?"

लॅबमध्ये फॉर्मेलिनचे डबे होते, चिमटे होते, आई होती. मोठ्याचं पोट उघडून बघणं एका संध्याकाळचं काम होतं. आणि मी तासाभराच्या आत त्याला मातीत घातलं होतं, मला बघवत नव्हतं म्हणून. पहिली चूक निष्काळजीपणाची. ही दुसरी आधी मला चूक वाटलीच नव्हती. आई मात्र हसत होती, तिचा चेहरा उजळला होता. "सर, हा प्रश्न मला सुचायला हवा होता," ती म्हणाली. "मलाही आत्ताच सुचला," सर म्हणाले, आणि तिघंही पुन्हा आळीपाळीनं वाकून बघत राहिलो. चाराची आठ होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सर फळ्यासमोर उभे राहिले. आपण काय म्हटलं होतं, काय पाहिलं आणि काय अजून सिद्ध झालेलं नाही, हे तिन्ही त्यांनी सांगितलं. "माझी चूक एवढी, की न बघता हसू दिलं," असं म्हणाले. वर्गात कुणी हसलं नाही. त्याच वेळी नाना दारात आले, दुकानातल्या कपड्यांत, हाताला काळं वंगण, आणि हातात बाटली. अंड्यांतून सकाळीच पिल्लं बाहेर आली होती, आईनं ती लगेच पाठवली होती. मला 'नर-मादी' म्हणणारी पोरं ओळीत उभी राहिली आणि शाळेच्या भिंगातून बघू लागली. पापणीच्या तुटक्या केसाएवढी पिल्लं, आरपार दिसणारी, पाण्यात उलटी टांगलेली. जमनाची पाळी आली तेव्हा तिनं इतका वेळ लावला की मागून ढकलाढकली सुरू झाली.

"यांना डोळे नाहीत," ती म्हणाली. "तोंडपण नाही."

खरंच नव्हतं. आई संध्याकाळी म्हणाली, तोंड आणि डोळे तिसऱ्या दिवशी येतील, तोवर ती पोटातल्या बलकावर जगतात. तिसऱ्या दिवशी जमना वॉर्डनबाईंची चिठ्ठी घेऊन आमच्याबरोबर लॅबमध्ये आली. बाटलीत पन्नासेक पिल्लं उरली होती. एक थेंब काचेवर घेतला. दोन काळे ठिपके चमकत होते, आणि खाली एक फट, उघडत होती, मिटत होती. "आले," जमना कुजबुजली. "बघतोय तो." आम्ही त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून दिला. त्याचे कणसुद्धा त्या फटीपुढे धोंडे होते. संध्याकाळपर्यंत सगळी तळाला बसली. तोंड नव्हतं तोवर जगली आणि तोंड आलं त्याच दिवशी गेली, हे मला सोसवेना. मी सिंकजवळ तोंड फिरवून उभी राहिले.

जमना रडली नाही. ती रिकाम्या काचेकडे बघत होती. "काकू," ती आईला म्हणाली, "तोंड एवढं बारीक असेल, तर तेवढं बारीक खाणं कुठेतरी असणारच ना? नाहीतर तोंड कशाला दिलं असतं?"

आईचा हात काच पुसता पुसता थांबला. "असंलच," ती म्हणाली. "शोधूत."

आम्ही दहावी होईपर्यंत शोधलं. हिरवं पाणी केलं, खाऱ्या पाण्यात शेवाळ वाढवलं, सुरतेच्या दुकानदाराकडून कसल्या कसल्या बाटल्या मागवल्या. नानांनी बुडबुड्यांचा पंप इतका हळू चालेल असा गुंडाळून दिला की पिल्लांना धक्का लागू नये. सर महिन्यातून एकदा यायचे आणि दर वेळी एक नवा अवघड प्रश्न टाकून जायचे. पिल्लं कधी पाच दिवस जगली, कधी सात दिवस, पुन्हा तीन. एकच पिल्लू अकराव्या दिवसापर्यंत राहिलं. त्या सकाळी जमना आणि मी बाटलीच्या दोन बाजूंना हनुवट्या टेकून बसलो होतो. बुडबुड्यांचं पाणी त्याला डावीकडे नेत होतं. ते थांबलं, वळलं, आणि पाण्याच्या विरुद्ध, उजवीकडे, स्वतःच्या जोरावर दोन बोटं पोहत गेलं.